स्विफ्ट पेट्रोल, बजेट ३० हजार: हॉर्सपॉवर कशाने वाढेल?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
मंडळी नमस्कार. गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.२ पेट्रोल, एमएच १९. किलोमीटर लाखाच्या वर गेलेत, इंजिन अजून उघडलेलं नाही. तक्रार एकच, पिकअप. गावात, जळगाव रोडला काही जाणवत नाही. पण सासुरवाडी संभाजीनगरला, त्यामुळे कन्नड घाट सुटत नाही. पाच जण, वर सामान, एसी चालू आणि मे महिना. अर्ध्या घाटात गाडी दम टाकते, मागचा ट्रकवालासुद्धा हॉर्न द्यायला लागतो.

कंपनीच्या कागदावर ८४ च्या आसपास हॉर्सपॉवर आहेत. १०० पर्यंत गेली तर मजा येईल. डोक्यात आहे ते असं: कोन फिल्टर (डब्याशिवाय उघडा बसणारा हवेचा फिल्टर), फ्री फ्लो सायलेन्सर (धूर मोकळा सोडणारा), इरिडियम प्लग, जमलं तर रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं). ३० हजारांच्या वर एक रुपया नाही, बायकोला कबूल केलंय. आधी काय करू?

भरीतपार्टी
हॉर्सपॉवर पाहिजे व्हई त दत्त जयंतीले सारंगखेडानी जत्रामा जा भाऊ. तठे बठ्ठा जातना घोडा भेटतस. पन तीस हजारमा अर्धाच घोडा येई.

टर्बो_पाटील (पाचोरा)
सोप्पं आहे. कोन फिल्टर टाक, फ्री फ्लो टाक, १० एचपी कुठेच गेले नाहीत. माझ्या मित्राने टाकलंय, आवाजच असला येतो की बस. मूळ फिल्टरचा डबा इंजिनाचा श्वास कोंडतो, तो आधी काढून फेक.

फिटर_अमळनेर
पाटील, थांब जरा. गिरणाकाठ भाऊ, गाडी दम का टाकू राहिली ते आधी बघायला लागेल, मग ताकद वाढवायचं. पाच गोष्टी सांगा:
प्लग शेवटचे कधी बदलले? थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) कधी साफ केली? क्लच कितव्या किलोमीटरला टाकला? टायर मूळ मापाचे आहेत का? आणि घाटात गाडी पेट्रोलवर असते का गॅसवर?
शेवटचा प्रश्न यासाठी की, सामान वर बांधता म्हणजे डिक्कीत दुसरं काहीतरी बसलेलं आहे.

गिरणाकाठ
काका, बरोबर ओळखलंत. सीएनजी किट आहे, सिक्वेन्शिअल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं), बाहेरून बसवलेलं, आरसीवर नोंद केलेली आहे. ६० लिटरची टाकी. डिक्की गेली म्हणून छताला कॅरिअर. घाटात गॅसवरच असतो, पेट्रोल परवडत नाही. प्लग मागच्याच्या मागच्या सर्व्हिसला बदलले असतील. थ्रॉटल बॉडी कधी केल्याचं आठवत नाही. क्लच मूळचाच. टायर १६ इंची अलॉयवर आहेत, २०५/६०. आधीच्या मालकाने टाकलेले, दिसायला भारी आहेत.

फिटर_अमळनेर
मिळालं उत्तर. आता सायलेन्सर-बिलेन्सर विसरा.

धुळेकर_मॅडम
मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकवते, थोडं गणित मांडते, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

गॅसपासून सुरू करू. पेट्रोल थेंबांच्या रूपात आत जातं, जागा फारशी अडवत नाही. सीएनजी मुळातच वायू. हवेबरोबर योग्य प्रमाणात मिसळला की सिलिंडरमधली ९ ते १० टक्के जागा तोच व्यापतो. तेवढी हवा बाहेर राहिली, म्हणजे तेवढी ताकद बाहेर राहिली. त्यात गॅस जळायलाही पेट्रोलपेक्षा हळू, त्यामुळे ठिणगी थोडी आधी पडावी लागते. किट नीट ट्यून नसेल तर तिथे ताकदीची अजून गळती. तुमच्या ८४ पैकी गॅसवर ७४-७५ उरत असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्या टाकीचं वजन ब्रॅकेटसह साठेक किलो धरा, म्हणजे एक माणूस कायमचा मागे बसलाय.

आता टायर. व्हीएक्सआयला मूळ टायर १६५/८० आर १४. त्याचा व्यास काढला तर जवळपास ६२० मिलिमीटर. २०५/६० आर १६ चा व्यास ६५२. चाक ५ टक्क्यांनी मोठं झालं. म्हणजे प्रत्येक गिअर ५ टक्क्यांनी उंच झाला आणि त्याच गिअरमध्ये रस्त्यावर मिळणारी ओढ ५ टक्क्यांनी कमी झाली. आणखी एक गोष्ट, तुमचा स्पीडोमीटरही कमी दाखवत असणार. मूळ टायरवर काटा ८० दाखवतो तेव्हा जेवढा वेग असतो, त्याच्यापेक्षा ५ टक्के जास्त वेगात तुम्ही आहात. समृद्धीवर जात असाल तर कॅमेऱ्याचं चलान त्या हिशोबाने येईल.

टर्बो_पाटील
मॅडम, टायरने हॉर्सपॉवर कमी होत नाही हो. इंजिन तेच आहे.

धुळेकर_मॅडम
अगदी बरोबर, हॉर्सपॉवर कमी होत नाही, ओढ कमी होते. पण भाऊंची तक्रार घाटात गाडी ओढत नाही हीच आहे ना? आणि अलॉय व टायर मिळून जड असतील तर पिकअपवर त्याचा वेगळा परिणाम. फिरणारं वजन पुढे ढकलायचं असतं आणि गरगर फिरवायचंही असतं.

तापीकाठचा (भुसावळ)
२०५/६० स्विफ्टला घासत नाहीत का?

गिरणाकाठ
पाच जण बसले आणि खड्डा आला की घासतात. मागच्या फेंडरचं अस्तर थोडं कापून घेतलंय आधीच्या मालकाने.

फिटर_अमळनेर
घ्या. टायर कापला गेला म्हणजे मग हॉर्सपॉवरचा विषयच संपला.

तापीकाठचा (भुसावळ)
कोन फिल्टरबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण हे प्रकरण आपल्याकडे वेगळं आहे. यूट्यूबवाले बेंगळुरूत, पुण्यात बसून सांगतात, त्यांच्याकडे उन्हाळ्यातही हवा बरी असते. आपल्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मी आठशे रुपयांचं ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटात लावून इंजिनाचा डेटा दाखवणारं) आणलं, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघत बसलो. मूळ डब्यातून, म्हणजे समोरच्या ग्रिलमागून हवा ओढताना हायवेवर बाहेरच्यापेक्षा चारपाच अंश जास्त दिसायचं. कोन फिल्टर बॉनेटखाली उघडाच बसवला, तर हळू ट्रॅफिकमध्ये आकडा साठीच्या पुढे. रेडिएटरमागची, मॅनिफोल्डजवळची हवा पिऊन राहिली होती गाडी. आवाज मस्त होता, खोटं कशाला बोलू. पण गाडी संध्याकाळी बरी आणि दुपारी मेलेली.

धुळेकर_मॅडम
याचा हिशोब सोपा आहे. तापलेली हवा विरळ होते. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना त्याच घनफळात साधारण ८ टक्के हवा कमी. ६५ अंशांची बॉनेटखालची हवा ओढली तर १३ टक्के कमी. कागदावरचा हा आकडा प्रत्यक्ष इंजिनात जसाच्या तसा उतरत नाही, थोडा मऊ होतो, पण दिशा तीच. शिवाय हवा गरम असली की इंजिनाचा कॉम्प्युटर नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ठिणगी मागे घेतो, तिथेही ताकद जाते. म्हणजे फिल्टरच्या कंपनीने जे १० एचपी कुठल्यातरी थंड खोलीत मोजलेत, ते मोजताना आपला मे महिना धरलेला नाही.

पाटील भाऊंचा मुद्दा पूर्ण चूक नाही. मूळ डब्यातच बसणारा, धुऊन परत वापरायचा कापडी फिल्टर मिळतो. हवेचा अडथळा थोडा कमी होतो, शेवटच्या टोकाला एखादा हॉर्सपॉवर मिळत असेलही. पण त्याचा खरा फायदा पुन्हा पुन्हा फिल्टर विकत घ्यायचा वाचतो एवढाच. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या भागातून रोज ये-जा असेल तर मूळ कागदी फिल्टर वेळेआधी बदलणं त्याहून स्वस्त आणि बरं.

फिटर_अमळनेर
त्यात अजून एक भर घालतो. डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडे ज्या गाड्या येतात, त्यांच्या एसीच्या कंडेन्सरवर आणि रेडिएटरवर कापसाच्या तंतूंचा थर असतो, बोटाने सोलून निघतो. वर धूळ बसते, गोधडीच तयार होते. मग उन्हाळ्यात कंप्रेसर सुटतच नाही, सतत इंजिनाच्या मानेवर. एसी तीन-चार हॉर्सपॉवर सहज खातो, आणि ४५ अंशांत तर जास्तच. पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुऊन घ्या. प्रेशर मशीन जवळ लावू नका, पाती वाकतात. हे काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे.

भरीतपार्टी
आणि घाटाच्या आधी ढाब्यावर पाच जणांनी शेवभाजी चापायची नाही. तिचं वजन कोणी धरलंच नाही.

साक्रीवाला
रिमॅपबद्दल लिहितो. माझी डिझायर २०१४ ची, १.३ डिझेल. ७५ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ओढ. नवापूर-सुरतला कायम जाणं, कोंडाईबारीचा घाट पाठ झालाय. बावीस हजारांत रिमॅप केला, आणि काय सांगू, गाडी बदलल्यासारखी झाली. ट्यून करणाऱ्याने ९५ पीएस आणि २३० च्या आसपास टॉर्क सांगितला. डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) मोजलेला नाही त्यामुळे मी आकड्यावर शपथ घेणार नाही, पण तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढते हे खरं. काही दिवसांनी क्लच मात्र सटकायला लागला. जुनाच होता, वाढलेला टॉर्क त्याला पेलवला नाही. तेव्हा रिमॅपच्या बजेटमध्ये क्लच प्लेट धरून चला.

टर्बो_पाटील
हेच तर म्हणतोय! भाऊ, रिमॅप कर.

साक्रीवाला
अरे पाटील, माझी टर्बो डिझेल आहे. टर्बोचा दाब वाढवता येतो, जास्त हवा आत ढकलता येते, डिझेल वाढवता येतं. कंपनीने मुद्दाम राखून ठेवलेली ताकद असते ती. गिरणाकाठची साधी पेट्रोल आहे, तिच्यात हवा ढकलणारं कोणीच नाही. ती जेवढी स्वतः ओढेल तेवढीच. मी त्याच ट्यूनरला माझ्या भावाच्या पेट्रोल गाडीबद्दल विचारलं होतं. तो प्रामाणिक निघाला, म्हणाला ४-५ हॉर्सपॉवर मिळतील, थ्रॉटल हलका वाटेल, बाकी पैसे ठेवा खिशात. आणि गॅसवर चालवणार असाल तर पेट्रोलचा रिमॅप कशाला?

धुळेकर_मॅडम
याला दुजोरा. बिनटर्बोच्या छोट्या पेट्रोल इंजिनाला फक्त सॉफ्टवेअरने ५-७ टक्क्यांच्या वर अपेक्षा धरू नये. ८४ चे १०० करायचे म्हणजे १९ टक्के. त्याला कॅमशाफ्ट, हेडर (इंजिनाला लागून असलेला धुराचा पाइप), कॉम्प्रेशन, सगळंच हलवावं लागतं. ते तीस हजारांत होत नाही आणि झालं तरी गाडी सासुरवाडीला न्यायच्या लायकीची राहत नाही.

नंदुरबारी
मधेच घुसतो. ऑनलाइन ते ओबीडीत खुपसायचं 'नायट्रो' चिप मिळतं सातशे रुपयांना, ३५ टक्के पॉवर लिहिलंय. आणि एक इलेक्ट्रिक टर्बो, पंख्यासारखा, इनटेक पाइपात बसतो. कोणी वापरलंय?

तापीकाठचा (भुसावळ)
चिप मी उघडून बघितली आहे. आत एक छोटं बोर्ड, चमकणारे दिवे, आणि गाडीच्या डेटाच्या पिनांना जोडलेली वायरच नाही. दिवे मात्र सुंदर लागतात.

धुळेकर_मॅडम
पंख्याचं गणित वर्गात देते मी मुलांना. १.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) मिनिटाला ३६०० लिटर हवा, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. ती ओढायचं काम इंजिन स्वतःच करतं. तिच्यात दाब निर्माण करायला खऱ्या टर्बोला काही किलोवॅट ताकद लागते, जी तो वाया जाणाऱ्या धुरातून घेतो. लायटरच्या सॉकेटवर चालणारा पन्नास-साठ वॅटचा पंखा त्या पाइपात नुसता अडथळा होतो. हवा त्याच्यामुळे आत जात नाही, त्याला ओलांडून जाते.

नंदुरबारी
वाचले माझे पैसे. आणि महागडं पेट्रोल? ९५, १०० वगैरे लिहिलेलं.

धुळेकर_मॅडम
ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, अवेळी पेट न घेण्याचा गुण. इंजिन आणि त्याचा कॉम्प्युटर जास्त ऑक्टेनसाठी बनवलेला असेल तरच त्याचा उपयोग. तुमच्या आमच्या गाड्यांना भर उन्हाळ्यात, भर लोडमध्ये नॉकिंग होत असेल तर थोडा फरक पडेल, एरवी नाही. २० टक्के एथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दलही लोक म्हणतात पॉवर गेली. एथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतो. पण कॉम्प्युटर त्या प्रमाणात जास्त इंधन सोडतो, त्यामुळे ताकद फारशी बदलत नाही. जुन्या गाडीत रबरी पाइप, सील तेवढे तपासत राहा.

एमव्हीआय_काका
परिवहन खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे, म्हणून कायद्याचं मी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने मूळ दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये हॉर्सपॉवरचा रकाना आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. कर्णकर्कश सायलेन्सर हा वेगळा विषय, कलम १९०(२), पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन अपात्र. बुलेटच्या इंदोरी सायलेन्सरवर रोलर फिरवलेला पाहिला असेलच.

रस्त्यात उभा असलेला हवालदार रिमॅप ओळखणार नाही, हे तुम्ही म्हणाल. बरोबर. पण अपघात झाला, मोठा क्लेम लागला, की विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळं शोधतो. मोठा टायर, कापलेला फेंडर हे तर फोटोतच दिसतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढायचं तर नावच काढू नका. पीयूसीला अडकाल ते वेगळं.

आणि गिरणाकाठ, गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते. किट आधीच्या मालकाचं असेल तर प्लेटवरची तारीख आजच बघा. हॉर्सपॉवर नंतर.

गिरणाकाठ
काका, बघितली तारीख. पुढच्याच महिन्यात संपते आहे. धन्यवाद.
बाकी सगळं वाचलं. थोडा हिरमोड झाला, पण ठीक. मग माझ्यासारख्याने करायचं काय ते एकदा सांगा.

धुळेकर_मॅडम
सगळ्यात मोठी गोष्ट फुकटची आहे, ती आधी सांगते. घाटात तुम्ही कोणत्या गिअरमध्ये असता, आरपीएमचा काटा कितीवर असतो?

गिरणाकाठ
तिसरा. २५०० च्या आसपास. त्याच्यावर गेलं की आवाज वाढतो, इंजिनाला त्रास नको म्हणून.

धुळेकर_मॅडम
वाटलंच होतं. सूत्र असं आहे: टॉर्क न्यूटन मीटरमध्ये, गुणिले आरपीएम, भागिले ७१२१, उत्तर हॉर्सपॉवरमध्ये. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ११५ च्या आतबाहेर, तो ४००० ला येतो. २५०० ला १०५ धरला तर १०५ × २५०० ÷ ७१२१ म्हणजे ३७. तुम्ही घाट चढता आहात ३७ हॉर्सपॉवरवर! ते ८४ मिळतात ६००० ला, जिथे तुमचा काटा कधी जातच नाही. दुसरा गिअर टाका, काटा ४५०० ला येऊ द्या. ११० × ४५०० ÷ ७१२१ म्हणजे जवळपास ७०. एका गिअरने जवळपास दुप्पट. कोणता कोन फिल्टर हे देईल?

४५०० ला इंजिनाला त्रास होत नाही. ऑइल वेळेवर बदललेलं, कूलंट नीट, तर हे इंजिन त्यासाठीच बनलं आहे. उलट २००० ला अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकवून, थरथरत चढवण्यात बेअरिंगवर आणि क्लचवर ताण जास्त.

फिटर_अमळनेर
मॅडमना हजार टक्के सहमत. आपल्याकडचे निम्मे लोक गाडी डिझेल ट्रॅक्टरसारखी चालवू राहिले. आवाज वाढला की गिअर वर. पेट्रोल गाडीला ओरडू द्या घाटात.

आता माझी यादी, घाटाच्या हिशोबाने. घाट सुरू व्हायच्या आधी पेट्रोलवर घ्या, कन्नडला पोचलात की परत गॅस. एवढ्या अंतराला पेट्रोल किती जाईल, एका चहापाण्याइतकं. नवे प्लग टाका, साधेच, कंपनीचेच. इरिडियम जास्त टिकतात, ताकद देत नाहीत. पण गॅसवर ठिणगीला जोर जास्त लागतो, झिजलेले प्लग गॅसवर आधी दगा देतात. गॅप थोडी कमी ठेवायची, किट बसवणाऱ्याला विचारून. थ्रॉटल बॉडी काढून साफ. कूलंट बदला. ब्रेक चिकटत नाही ना बघा: चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, जड फिरलं तर तिथेच तुमचे दोन हॉर्सपॉवर आहेत. कॉम्प्रेशन तपासून घ्या, आणि क्लच. चौथ्या गिअरमध्ये ५० ला जोरात दाबा, काटा उसळला आणि वेग वाढला नाही तर प्लेट गेली.

गॅस किटचं ट्यूनिंग लॅपटॉप लावून पुन्हा करून घ्यायचं, सिक्वेन्शिअल किटला ते होतं. गॅसचा फिल्टर बदलायला सांगा, तो कोणी बदलतच नाही. टायमिंग अ‍ॅडव्हान्स प्रोसेसर (गॅसवर ठिणगी थोडी आधी पाडणारं यंत्र) बसवलेला नसेल तर तो विचारा, गॅसवर फरक जाणवतो.

आणि ते १६ चे काढा.

टर्बो_पाटील
१४ इंची लोखंडी रिंगांवर गाडी रिक्षासारखी दिसेल काका.

फिटर_अमळनेर
१५ टाक ना मग. झेडएक्सआयला कंपनीनेच १८५/६५ आर १५ दिलेत.

धुळेकर_मॅडम
त्यांचा व्यास ६२१-६२२, मूळ १४ इंचीशी एका मिलिमीटरचा-दोनचा फरक. स्पीडोमीटर पण ठीक होईल. जुने झेडएक्सआयचे अलॉय बाजारात मिळतात, तडा गेलेला नाही ना तेवढं बघून घ्या.

साक्रीवाला
कॅरिअरबद्दल कोणी बोललं नाही. घाटात ३०-४० च्या वेगाला वाऱ्याचा काही फरक पडत नाही, फक्त वजनाचा. पण धुळे-नाशिक हायवेवर १०० ला रिकामं कॅरिअरही गाडी मागे ओढतं. लागेल तेव्हाच चढवा.

नंदुरबारी
आमच्या तोरणमाळला येऊन बघा एकदा. ११०० मीटरवर आहे. तिथे बिनटर्बोवाल्यांची खरी परीक्षा.

धुळेकर_मॅडम
हो, त्या उंचीवर हवा खालच्यापेक्षा १० टक्के विरळ. पण वर गारवा असतो, त्यातलं थोडं परत मिळतं.

एक_प्रवासी
मी सरळ सांगतो, रागावू नका. ३० हजार या गाडीत घालण्यापेक्षा बाजूला ठेवा, आणि दोन वर्षांनी जुनी टर्बो पेट्रोल घ्या. बलेनो आरएस १ लिटरची असून १०२ पीएस, पोलो जीटी टीएसआय १०५ आणि १७५ न्यूटन मीटर. कंपनीतून आलेली ताकद, आरसीवर लिहिलेली, विम्यात बसणारी. तिला रिमॅप केलात तर खरा फरक दिसतो.

फिटर_अमळनेर
घ्या, पण पोलोच्या त्या डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचा खर्च माझ्याकडे विचारायला येऊ नका, मी हात जोडतो.

एक_प्रवासी
हा हा, मान्य.

भरीतपार्टी
मॅडम, एक शंका. घोडा खरंच एक हॉर्सपॉवरचा असतो का?

धुळेकर_मॅडम
दिवसभर काम करणारा घोडा साधारण तेवढा, त्याहून थोडा कमीच. पण जीव तोडून धावताना काही क्षण १४-१५ हॉर्सपॉवरपर्यंत जातो असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे.

भरीतपार्टी
म्हंजे अर्धा घोडा बी सात हॉर्सपॉवर शे! आते सांगा, कोन खोटं बोलना व्हता?

गिरणाकाठ
मंडळी, थोडे दिवस लिहिलं नाही कारण गाडी गॅरेजला होती. काय केलं ते सांगतो. प्लग, फिल्टर, कूलंट, थ्रॉटल बॉडी, गॅसचा फिल्टर आणि ट्यूनिंग, टाकीची टेस्ट. मागचं डावं चाक खरंच जड फिरत होतं, ब्रेक शू चिकटलेले निघाले. कंडेन्सरवर फिटर काकांनी सांगितलेली गोधडी होती, फोटो काढून ठेवलाय. हे सगळं नऊ हजारांच्या आत बसलं. उरलेल्यातून झेडएक्सआयचे वापरलेले अलॉय आणि चार नवे १८५/६५ टायर. तीस हजारांच्या थोडं वर गेलं, ते घरी सांगितलेलं नाही.

काल घाट चढलो. पेट्रोलवर, दुसऱ्या गिअरमध्ये, काटा ४००० ते ४५०० मध्ये. मेहुणा म्हणाला गाडीला काय केलंस. एसी बंद करावा लागला नाही. १०० हॉर्सपॉवर झाले नाहीत हे मला माहीत आहे, पण मागून कोणी हॉर्न दिला नाही. आवाज मात्र ओरडणारा आहे, त्याची सवय व्हायला वेळ लागेल. सपाटीला गॅसवर पण आधीपेक्षा बरी वाटते, तो ट्यूनिंगचा परिणाम का टायरचा, सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच केले.

एमव्हीआय_काका
टाकीचं टेस्ट सर्टिफिकेट गाडीतच ठेवा, गॅस भरताना पंपावर विचारतात.

टर्बो_पाटील
भाऊ, ते १६ चे अलॉय काय भावाने देणार?

गिरणाकाठ
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. टायरसकट घेणार का नुसत्या रिंगा?

फिटर_अमळनेर
पाटील, टायर नको घेऊ, नुसत्या रिंगा घे. आणि तुझ्या गाडीवर कोणत्या मापाचे टायर येतात ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बघून मगच हो म्हण.